काचेवरचा कण

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर घंटी वाजली की जो तो होता तिथे थांबायचा. नोंदणीचा कारकून शिक्का हवेत धरून, झाडणारी बाई झाडूवर रेलून, जिन्यातला माणूस जिन्यातच. एकदा खुद्द मोठे साहेब एक पाय दाराच्या आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत चाळीस सेकंद उभे राहिले होते आणि मग कुणी हसलं तर नाही ना, हे बघत हळूच आत सटकले होते. हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, तो माणूस मजल्याच्या टोकाला काळ्या रंगाच्या खोलीत कॅमेऱ्यापाशी श्वास रोखून उभा असायचा. हजेरीपटावर त्याचं काही एक नाव होतं, पण ते हजेरीपटालाच ठाऊक. घंटीच्या आधी दारातून डोकं बाहेर काढून तो ओरडायचा, "पुतळे व्हा!" म्हणून सगळा मजला त्याला पुतळेमास्तर म्हणायचा.

मास्तरांचं काम जुनी चित्रं, नकाशे, हस्तलिखितं यांचे फोटो काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशावरची केसाएवढी नदी फोटोतही केसाएवढीच दिसली पाहिजे, रंग तोच हवा, कागदाची सुरकुती तीच हवी, अशी अट घातली की भल्याभल्यांची भंबेरी उडते. त्याला नेहमीचा कॅमेरा पुरत नाही. मिडियम फॉरमॅटचा लागतो. त्याचा सेन्सर, म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असायची तिथली प्रकाश टिपणारी चकती, चांगली काड्यापेटीएवढी असते. ती एका डबीत बसवलेली असते आणि डबी कॅमेऱ्याच्या पाठीला अडकवायची. कॅमेरा वर्षानुवर्षं तोच राहतो, पाठ मात्र दर चारपाच वर्षांनी नवी येते.

मास्तरांच्या पहिल्या डबीत एक कोटी साठ लाख ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग कळायचा, लाल नाहीतर हिरवा नाहीतर निळा. सगळीकडे सगळे रंग मिळावेत म्हणून ती डबी सेन्सरला एका ठिपक्याइतकं सरकवायची, म्हणजे केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकं, आणि असे चार फोटो काढून त्यांचा एक करायची. याला चाळीस सेकंद लागायचे. तेवढ्यात कुणी लाकडी जमिनीवरून टाचा आपटत गेलं, की नदीच्या दोन्ही काठांना रंगीबेरंगी झालर. म्हणून घंटी आणि म्हणून पुतळे.

हापिसात साहेबांना पुतळा करणाऱ्या या माणसाचं घरी मात्र काडीचं कुणी ऐकत नसे. त्यांची बायको खरोखरीची मास्तरीण होती, प्राथमिक शाळेतली. चाळीस पोरांवर आवाज चढवून चढवून तिचा आवाज उतरायचं विसरला होता. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू, तो रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत. बोलताना हात, मान, भुवया, सगळंच बोलायचं. स्वयंपाकघरात ती एका जागी उभी आहे असं दृश्य मास्तरांनी पाहिलं नव्हतं. आणि तरी जगातला सगळ्यात स्थिर माणूस कोण असं विचारलं असतं, तर मास्तरांनी क्षणाचाही विचार न करता तिच्याकडे बोट दाखवलं असतं.

त्याचं असं झालं. नवी डबी बाजारात आली की कॅमेऱ्यांचा एजंट ती आधी मास्तरांकडे दोन दिवस ठेवून जायचा. मास्तरांचा अहवाल कंपनीच्या मुख्य हापिसात वाचला जायचा म्हणे. मास्तर रंगांचे तक्ते टिपायचे, रेघांचे तक्ते टिपायचे, पण त्यांचं स्वतःचं समाधान व्हायला माणसाची कातडी लागायची. कातडीला फसवता येत नाही, असं त्यांचं मत. मग रविवारी, संग्रहालय बंद असताना, बायकोला घेऊन ते त्या काळ्या खोलीत जायचे. पहिल्या वेळी तिला समोर तोंड करून बसवलं तर ती भिंगाकडे बघून फिदीफिदी हसायला लागली. तिला गप्प करता करता मास्तर घामाघूम झाले आणि शेवटी वैतागून म्हणाले, "अगं बाई, पाठ कर माझ्याकडे!" तिने पाठ केली, कपाळ स्टँडच्या आडव्या दांडीला टेकवलं आणि काय गंमत, दगडासारखी बसली. मास्तरांना समोर दिसली ती तिची मान, डावा कान, कानामागून वर गेलेले केस आणि केसांखालची सावली. कातडी, केस, उजेड, अंधार, सगळं एका तळहाताएवढ्या जागेत! याहून चांगला तक्ता कुठल्या कंपनीने छापला असता?

ते चार फोटो जोडायचं काम निर्जीव वस्तूंसाठीच आहे, जिवंत माणसावर चालणार नाही, असं पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. "मग मला कशात धरता तुम्ही?" असं तिने विचारलं होतं. पण दहा वेळा प्रयत्न केला की दोन वेळा तिचा फोटो जमायचा, आणि एजंट एकदा यावरून पैज हरला होता. ती म्हणायची, "वर्षभर मी बोलते आणि तुम्ही ऐकता, म्हणून हे चाळीस सेकंद तुम्हाला बक्षीस." फोटो झाला की ती धाडकन उठायची आणि मधे अडवलेलं सगळं बोलणं एका दमात बाहेर पडायचं.

अशी बावीस वर्षं गेली. तेच स्टूल, तीच दांडी, स्टूल कुठे ठेवायचं त्यासाठी जमिनीत ठोकलेल्या तीन पितळी चुका. कॅमेऱ्याचं अंतरही बोटभर हललं नाही, कारण नाहीतर जुन्या-नव्या डब्यांची तुलना कशी व्हायची? एक कोटी साठ लाखांचे सव्वादोन कोटी झाले, मग चार कोटी, मग सहा, मग आठ. प्रत्येक नव्या डबीत तिच्या मानेवरची लव थोडी जास्त दिसायची, केसांतला एक एक पांढरा केस सुटा मोजता यायचा. ती पडद्याकडे बघून म्हणायची, "तुमचं यंत्र सुधारतंय आणि मी बिघडतेय. कुठेतरी थांबवा आता." मास्तरांना हसू यायचं. प्रेमाचे चार शब्द बोलायची अक्कल त्यांना कधी नव्हती. जे काही होतं ते त्या रविवारी त्या स्टुलाच्या मागे उभं असायचं.

मग सहावी डबी आली. दहा कोटी ठिपके, पण खरी गोष्ट वेगळीच होती. आधीच्या सगळ्या डब्या जुन्या जातीच्या. त्यांना उजेड भरपूर लागायचा, त्या लवकर तापायच्या, आणि काळोख्या भागात त्यांना काही म्हणजे काही दिसत नसे. सावली उजळायला जावं तर नुसता रंगीत रवा वर यायचा. ही नव्या जातीची. हिच्यात सावली कितीही उजळा, आत जे होतं ते शांतपणे वर यायचं. एजंटने ती शुक्रवारी आणली, आणि रविवारी दुपारीच परत न्यायची होती.

तेव्हा बायकोचा खांदा धरलेला होता, हात वर जात नव्हता. म्हणून मुलगी रोज सकाळी कामाला जायच्या आधी आईचा अंबाडा घालून द्यायची. त्या रविवारीही तिनेच तो नेहमीपेक्षा उंच बांधून दिला. बायको स्टुलावर बसली. मास्तरांनी कमी उजेडापासून जास्त उजेडापर्यंत अकरा फोटो काढले. ती अकराही वेळा केसभर हलली नाही.

फोटो संगणकावर चढवले, बायको शेजारी खुर्ची ओढून चहाचा पेला घेऊन बसली, आणि मास्तरांनी केसांखालची सावली उजळली. बावीस वर्षं तिथे काळा डाग होता. आता तिथे केसांची मुळं दिसली. कानामागची घडी दिसली. मास्तर आनंदाने चीत्कारलेच. "अगं बघ, बघ! अंधारातलं दिसतंय!"

"हे काय आहे?" बायकोने पेल्याच्या कडेने पडद्यावर दाखवलं. केस जिथे सुरू होतात तिथे, कानामागे, एक बारीक काळसर ठिपका होता. कडा जरा धूसर.

मास्तरांनी दुसरा फोटो उघडला. ठिपका तिथेच. तिसरा, सातवा, अकरावा. तिथेच. मास्तरांच्या धंद्यात एक नियम आहे, तो शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात. जे माणसाबरोबर हलतं ते माणसाचं, आणि जे सगळ्या फोटोंत एकाच जागी राहतं ते सेन्सरच्या काचेवरच्या धुळीचं. धुळीचा कण असाच दिसतो, काळसर आणि धूसर कडांचा. खात्री करायची तर पांढऱ्या फळ्याचा एक फोटो काढायचा. धूळ असेल तर तिथेही ठिपका येतो. एक मिनिटाचं काम. मास्तर ते एरवी कधी चुकवत नसत. पण एजंट खाली येऊन थांबला होता आणि मास्तरांना बायकोला अजून कानामागची घडी दाखवायची होती.

"काचेवर कचरा बसलाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या डबीची काच मी पुसणार नाही. पण हा बघ कचरा, आणि ही बघ टिचकी." त्यांनी एक टिचकी मारली, ठिपका गेला. आणखी एक टिचकी मारली, अकराही फोटोंतून गेला. बायको म्हणाली, "शाळेत आमच्या पोरांची नाकं अशी पुसता आली असती तर!"

अहवालात त्यांनी डबीची तोंड भरून स्तुती केली आणि शेवटी एक ओळ टाकली: काचेवर, वरच्या डाव्या बाजूला एक कण आहे, साफ करून घ्यावा. दहाएक दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. काच भिंगाखाली तपासली, कण आढळला नाही. मास्तर तणतणले. "चोराच्या उलट्या बोंबा! गुपचूप पुसली असणार आणि आता म्हणे आढळला नाही." त्यांनी ते पत्र फायलीला लावलं आणि विषय संपला. त्याच वर्षाच्या अखेरीला मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बायकोचा खांदा सुटला आणि ती पुन्हा आपला अंबाडा आपण घालू लागली.

चार वर्षांनी मुलगी सुट्टीवर आली आणि लाडात येऊन म्हणाली, आज तुझे केस मी धुते. केस धुता धुता तिचा हात थांबला. "आई, हे काय गं?" शर्टाच्या बटणाएवढं काळं काहीतरी, मधे उचललेलं, एका कडेला रक्ताची खपली. बायको म्हणाली, "कंगवा लागतो गं तिथे मधूनमधून." मास्तरांनी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. ठिपका त्यांना आठवला नाही. आठवला असता तर बरं झालं असतं की वाईट, कोण जाणे.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला, आणि दुसऱ्या खेपेला सरळ सांगितलं की हा कातडीचा कॅन्सर आहे, वाईट जातीचा आहे आणि खोल गेलेला आहे. मग विचारलं, "किती दिवसांपासून आहे, काही अंदाज? मानेचा एखादा जुना फोटो वगैरे? उपचार खोलीवरून ठरतात, फोटोवरून नाही. पण किती वेगाने वाढलंय ते कळलं तर बरं."

बायको एवढ्या बातमीतही हसली. "फोटो? अहो, माझ्या मानेचे जेवढे फोटो यांच्याकडे आहेत तेवढे नटीच्या तोंडाचेसुद्धा कुणी काढले नसतील."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मास्तरांनी काळ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि जुने फोटो उघडले. आठ कोटींचा उघडला. तिथे सावली काळी ठार, काही कळायचा मार्ग नाही. मग दहा कोटींचा उघडला. सावलीतली कातडी स्वच्छ! मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. चार वर्षांपूर्वी काही नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकले, आणि तेव्हा त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दुरुस्त्या: एक.

हे असले प्रोग्रॅम मूळ फोटोला हात लावत नाहीत. पुसलेल्या जागी एक खुणेचं वर्तुळ ठेवतात, ते काढून टाकलं की पुसलेलं परत येतं. मास्तरांनी वर्तुळ काढलं. ठिपका आला. त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. दहा कोटी ठिपक्यांची ती डबी, तिने काही लपवलं नव्हतं. कडा एका बाजूला वाकडीतिकडी होती. एका भागात तपकिरी, एका भागात निळसर काळा. धुळीला रंग नसतो. हे मास्तरांना तेव्हाही माहीत होतं. त्यांनी मोजलं, सव्वादोन मिलिमीटर. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या नद्या डोळ्यांत तेल घालून जपल्या, त्याने आपल्या घरातली ही एवढी गोष्ट कचरा म्हणून पुसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको हलली नाही म्हणून ठिपकाही हलला नाही, आणि तो हलला नाही म्हणून मास्तरांनी तो काचेवर ढकलला.

मास्तर टेबलावर डोकं ठेवून रडले. बाहेर मजल्यावर माणसं चालत होती, आणि त्यांना थांबवायला आता घंटीही वाजत नव्हती. नव्या जातीची डबी संग्रहालयाने घेतल्यापासून एका फोटोत काम व्हायचं.

त्यांनी दोन्ही फोटो छापले, ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा, आणि एकाच पाकिटात घातले. खरा दाखवायचा, हे त्यांनी घरून निघताना पक्कं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बायको म्हणाली, "दाखवा ना हो." मास्तरांनी पाकिटात हात घातला आणि बिनठिपक्याचा काढला. हाताला चुकून तोच लागला असं म्हणायची सोय नाही. कुठला पुढे आणि कुठला मागे, हे त्यांनीच ठेवलेलं होतं. तिच्यासमोर, मी हे चार वर्षांपूर्वी बघितलं आणि पुसलं, एवढं म्हणायची त्यांची छाती झाली नाही, एवढंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे तर काहीच नाही. म्हणजे चार वर्षांच्या आतलं आहे." बायकोने फोटो हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि परत दिला. मास्तर जमिनीकडे बघत होते.

शस्त्रक्रिया झाली. मग मानेतल्या गाठी काढल्या. मग औषधं सुरू झाली, आणि मग छातीच्या तपासणीत जे दिसायला नको होतं ते दिसलं. मुलगी बिनपगारी रजा घेऊन आली. भेटायला शाळेतल्या बाया यायच्या, शेजारी यायचे, आणि येणारा प्रत्येक जण मान हलवत तेच म्हणायचा, "लवकर कळलं असतं तर!" त्यावर बायको उशीला टेकून ठासून सांगायची, "कसं कळणार? चार वर्षांपूर्वी तिथे काही नव्हतं. यांच्याकडे फोटो आहे, डॉक्टरांनीसुद्धा बघितलाय. कुणाचा काही दोष नाही." मुलगी पाणी आणायला आत जायची. मास्तर मान खाली घालून बसायचे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, बरं झालं, तिचा विश्वास बसला. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना जेवण जाईनासं झालं. आपण मेलो असतो तर बरं, असं त्यांना रोज वाटायचं. आणि आपण खरं सांगितलं नाही तर ती तशीच जाईल, खोट्यावर विश्वास ठेवून, या विचाराने त्याहून जास्त जीव कासावीस व्हायचा.

मधे एजंटचा फोन आला. पंधरा कोटींची डबी आलीय, अंधारात मागच्यापेक्षाही जास्त बघते, रविवारी ठेवून जातो, वहिनींना बसवा. मास्तर म्हणाले, "वहिनींना बसवत नाही आता."

एका दुपारी मुलगी औषधं आणायला गेली होती. खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं आणि बायकोने उशी सरकवायला सांगितली. मास्तरांनी उशी सरकवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "तुला एक सांगायचंय."

"त्या फोटोचं ना?" ती म्हणाली.

मास्तर पलंगाच्या कडेला बसले.

"अहो, मी शेजारीच नव्हते का बसले चहा घेऊन? मीच तर विचारलं होतं हे काय आहे म्हणून. तुम्ही डॉक्टरीणबाईंपुढे पाकिटातून तो फोटो काढलात तेव्हाच मला सगळं आठवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

"मीच पुसलं गं ते," मास्तर म्हणाले.

"हो. तुम्हीच पुसलंत." जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. थोडा दम घेतला आणि म्हणाली, "पहिले पंधरा दिवस मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्या हातून पाण्याचा पेला घ्यावासा वाटत नव्हता."

"मग?"

"मग काय? तहान लागायचीच ना."

मास्तरांना रडणं आवरेना. तिने पांघरुणावरचा हात त्यांच्याकडे थोडा सरकवला. "मीही मेली दगडासारखी बसले. एरवी घटकाभर एका जागी बूड टेकत नाही, आणि तिथे नेमकी हलले नाही. जरा मान वळवली असती तरी तुम्हाला कळलं असतं."

"तू असं म्हणू नकोस. हात जोडतो."

"बरं, ते राहू द्या. पोरीला सांगू नका."

"ती काही लहान नाही आता. तिला सांगितल्याशिवाय मला—"

"तुम्हाला मोकळं व्हायचंय, कळतंय मला." तिचा आवाज चढला, शाळेतल्यासारखा. मग खोकला आला आणि तो थांबेपर्यंत मास्तरांनी तिची पाठ धरली. "त्याच वर्षी ती रोज सकाळी माझा अंबाडा घालायची. तिच्या बोटांखाली होतं ते. हे तिला कळलं ना, तर जन्मभर आपल्या बोटांकडे बघत बसेल. म्हणून तर मी त्या सगळ्या बायांना ओरडून सांगते, तिला आत ऐकू जावं म्हणून. तुमचं तुम्ही सांभाळा. तिला नको."

मास्तरांनी हो म्हटलं. त्या दिवसापासून बायकोने तो फोटोचा विषय कुणाजवळ काढला तरी ते मान वर करून म्हणायचे, "हो, काही नव्हतं." तेवढीच त्यांची तिला मदत. महिनाभराने, सकाळी, बोलता बोलता ती गेली. शेजारणीला काहीतरी सांगत होती, वाक्य अर्धं राहिलं.

नंतरच्या दिवसांत मुलीने घर आवरायला घेतलं. आईचा एक चांगला फोटो भिंतीला लावायला हवा, म्हणून ती शोधू लागली तर मोबाइलवरचे हललेले चारपाच सोडून तोंडाचा फोटोच नाही. बावीस वर्षांच्या माना तेवढ्या होत्या. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टरांना दाखवला होता तोच द्या." मास्तरांनी कपाटातून पाकीट काढलं. दुसरा कागद त्यांनी आधीच बाहेर काढून जाळून टाकला होता. हा एकटाच उरला होता.

मुलगी तो घेऊन जमिनीवर बसली. आईच्या केसांवरून, कागदावरूनच, तिने बोट फिरवलं. अंबाड्यापाशी बोट थांबलं. "हा मीच घातलेला आहे," ती म्हणाली. मग वर न बघता तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. तेव्हा खरंच काही नव्हतं ना? मी रोज केस धरायचे हातात. मला रोज वाटतं, मला दिसायला हवं होतं."

सांगून टाकावं असं मास्तरांना वाटलं नाही, असं नाही. सांगितलं असतं तर निदान कुणीतरी त्यांना शिव्या तरी दिल्या असत्या. ते तिच्याशेजारी खाली बसले, गुडघे दुखत होते तरी.

"नव्हतं," ते म्हणाले. "मी स्वतः मोठं करून बघितलंय. असतं तर मला दिसलं असतं."

मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून मोठमोठ्याने रडली. मग उठून तोंड धुऊन आली आणि म्हणाली, भूक लागलीय. त्या दुपारी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मास्तर तिला वाढत राहिले.